धसकटात दडलेला खोडकिडा

धानाची कापणी आटोपून भारे खळ्यावर गेले, की सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडच्या बांध्या ओस पडतात आणि किडीचा विषय पुढच्या पावसाळ्यापर्यंत मिटला असे धरले जाते. खोडकिड्याच्या बाबतीत ही समजूत महागात पडते. या पिवळ्या पतंगाची पूर्ण वाढलेली अळी पीक पिकू लागताच खोडातून खाली सरकते आणि जमिनीलगतच्या धसकटात सुप्तावस्थेत जाते. थंडी आणि कोरड ती काही न खाता काढते. ऊब आणि ओल परतली की कोष करते, आणि त्यातून निघालेली मादी पऱ्ह्यांच्या पानांवर, शेंड्याकडे, अंड्यांचे केसाळ पुंजके घालते.

म्हणून खोडकिड्याचा बंदोबस्त हिवाळ्यातच सुरू व्हायला हवा. पावसाळ्यात अंड्यातून निघालेली अळी लवकरच खोडात शिरते. मग बाहेरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही; मरतात ते कोळी, आणि तिच्या अंड्यांवर वाढणारे ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटक. फुटव्याच्या काळात गाभेमर झाली तर धान नवे फुटवे काढून थोडीफार भर काढते, पण निसवताना अळी लागली तर पांढरी, पोचट लोंबी हाती येते आणि तिची भरपाई नाही. हिवाळ्यात हीच अळी जागची हलत नाही. विळा जमिनीलगत चालवला तर खोडात वर राहिलेल्या अळ्या तणसाबरोबर बांधीबाहेर जातात. नांगरटीने धसकटे उलथली की उरलेल्या अळ्या उन्हाने सुकतात, काही पक्षी वेचतात.

धसकटे पेटवून काम सोपे होईल, असे कोणी म्हणेल. पण अळी मातीला टेकून असते, आग बरीचशी वरून निघून जाते. शिवाय जंगलाला लागलेल्या बांधीतली ठिणगी कुठवर जाईल याचा भरवसा नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोरडवाहू बांधी कापणीनंतर दगडासारखी होते, आणि उतेऱ्याची लाखोळी उभी असताना नांगर घालणार कसा? तिथे लाखोळी निघाल्यावर, अवकाळी सरीची ओल साधून, मृगाआधी नांगरट करावी लागेल. शेजाऱ्याने काहीच केले नाही तर पतंग धुरा ओलांडून येणार, हेही खरे. मात्र ही कीड जवळपास धानावरच जगते, रानातले गवत तिला आसरा देत नाही. त्यामुळे सगळ्या शिवाराने एकाच हंगामात काम केले तर फरक पडतो. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्या गावांत अडचण वेगळी आहे: पीक उभेच असल्याने अळीला थांबावे लागत नाही, पिढीमागून पिढी निघते. तिथे पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवतानाच दोन धानांमध्ये मोकळा काळ राखायला हवा.