मेंदूच्या इजेनंतरचा श्वास आणि उच्चार

मेंदूला मार लागल्यानंतर किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर प्रौढ माणसाचे बोलणे अस्पष्ट झाले, की त्याची बुद्धीच मंदावली असा आप्तेष्टांचा ग्रह होतो. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसराच कोणी देऊ लागतो. हा ग्रह पुष्कळदा चुकीचा असतो. ब्रोकाने १८६१ साली ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याला ‘तां’ या एका अक्षरापलीकडे फारसे काही बोलता येत नसे. तो वाचाघात होय. तेथे भाषेवरचाच ताबा सुटतो. डिसार्थ्रिया या विकारात भाषा शाबूत असते. वाक्य मनात सिद्ध असते, परंतु जीभ, ओठ, मृदुतालू, स्वरयंत्र आणि श्वसनाचे स्नायू मेंदूची आज्ञा नीट पाळत नाहीत. हात चालत असल्यास असा रुग्ण लिहून दाखवितो आणि भेद तत्काळ उघड होतो. डार्ली, अ‍ॅरन्सन व ब्राउन यांनी १९६९ मध्ये २१२ रुग्णांचे ध्वनिमुद्रण कानाने पारखून या विकाराचे प्रकार निश्चित केले.

बोलताना श्वास चटकन घेऊन सावकाश खर्चावा लागतो. त्यासाठी स्वरयंत्राखाली साधारणपणे ५ ते १० सेंटीमीटर पाण्याइतका दाब टिकावा लागतो. पेल्यातील पाण्यात ५ सेंटीमीटर खोल नळी धरून ५ सेकंद बुडबुडे काढता आले, तर बोलण्यापुरता दाब आहे असे मानतात. दाब न टिकल्यास वाक्य दोन-तीन शब्दांत तुटते आणि त्याचा शेवट विरून जातो. मराठीत ही हानी विशेष मोठी, कारण क्रियापद आणि नकार हे दोन्ही आपण बहुधा शेवटी ठेवतो. ‘मला हे औषध नको’ यातील ‘नको’ ऐकू न आल्यास अर्थ नेमका उलटतो! महाप्राण वर्णांना श्वास अधिक लागत असल्याने ‘भात’चा ‘बात’ होण्याचा संभव असतो. मृदुतालू ढिला पडून हवा नाकावाटे सुटली, तर ‘बाळ’ हा शब्द ‘माळ’सारखा ऐकू येतो.

म्हणून अशा रुग्णाने नकार आधी उच्चारावा, ‘नको, हे औषध नको’ असे. आणि अर्थाच्या तुकड्यावर थांबून नवा श्वास घ्यावा. ऐकणाऱ्याने वाक्य पुरे करण्याची घाई करू नये. नुसत्या फुंकण्याच्या व्यायामाने उच्चार सुधारतोच असे नाही. सराव प्रत्यक्ष बोलण्याचाच हवा. गिळताना ठसका लागत असेल, तर मात्र भाषेचा विचार बाजूस ठेवून प्रथम वैद्यकीय तपासणी करविली पाहिजे, कारण अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो.