पुंगळीचा हिशेब

पिंपरखेडच्या बिबट्याची बातमी वर्तमानपत्रांतून केव्हाच उतरली, पण शिरूरच्या उसाच्या पट्ट्यातून ती अजून उतरलेली नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांत तीन बळी गेले, त्यांत दोन लेकरे. लोक पुणे-नाशिक महामार्गावर येऊन बसले आणि अखेर नेमबाजांच्या गोळीने त्या बिबट्याला टिपले. तेव्हापासून शिरूर असो की दौंड, चार शेतकरी एकत्र आले की बोलणे बंदुकीच्या परवान्यावर येतेच. न्हावऱ्याला चहाच्या टपरीवर असेच बोलणे चालले होते. एका तरुणाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुणी परदेशी माणूस एक दांडा ओढतोय आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस डब्यात पडतेय. “परवाना मिळाला की गोळ्या घरीच भरायच्या,” तो म्हणाला. “पुंगळी काय, भंगारातसुद्धा मिळते.”

हा लेख त्या वाक्यासाठी आहे.

काडतुसात चार गोष्टी असतात: गोळी, दारू, बुडातली टोपी म्हणजे प्रायमर, आणि या सगळ्यांना पोटात धरणारी पितळी पुंगळी. बार उडाला की पहिल्या तिन्ही संपतात, पुंगळी तेवढी उरते. ती पुन्हा भरता येते हे खरेच आहे. अमेरिकेत हजारो लोक गॅरेजमध्ये हे काम करतात आणि त्यासाठी वापरतात त्या यंत्रांपैकी एकाला प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणतात. रांजणगाव एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्याला हे नाव परके वाटणार नाही. प्रोग्रेसिव्ह डायमध्ये पत्र्याची पट्टी एकेका टप्प्यावरून सरकते आणि दर स्ट्रोकला सगळ्या टप्प्यांवर एकाच वेळी काम होते. इथे पट्टीच्या जागी एक फिरती गोल प्लेट असते. प्लेटच्या खाचांत पुंगळ्या उभ्या, वर प्रत्येकीसाठी वेगळी डाय. दांडा ओढला की प्लेट वर जाते, सोडला की खाली येऊन एक घर पुढे सरकते.

आमचे एक स्नेही रांजणगावच्या टूलरूममध्ये वीस वर्षे राबले. त्यांचा भाचा टेक्सासात असतो, तिथल्या क्लबात नेमबाजी करतो. गेल्या वर्षी त्याने असा प्रेस घेतला आणि लष्करी मापाच्या, ७.६२ बाय ५१च्या, वापरलेल्या पुंगळ्या त्यावर घ्यायला सुरुवात केली. महिनाभर त्याचे काही जमेना, तेव्हा व्हिडिओ कॉलवर मामांना गाठले. मी त्या वेळी शेजारीच बसलो होतो.

भाच्याची तक्रार अशी: उडालेली पुंगळी फुगते, तिला डायमध्ये दाबून मूळ मापावर आणायची असते. पुंगळीच्या खांद्याचे माप दोन-तीन थाऊच्या आत, म्हणजे मिलिमीटरच्या काही शतांशांत, बसले पाहिजे. त्याने एक पुंगळी घालून डाय नेमकी बसवली. गेजमध्ये ती अचूक उतरली. पण काम सुरू केले की तीच डाय कधी बरोबर माप देई, कधी पुंगळी लांब ठेवी.

मामांनी एवढेच विचारले, “सेटिंग केलेस तेव्हा बाकीची घरे भरलेली होती का?”

“नाही मामा, एकच होती.”

“मग प्लेट एका अंगाला कललेली असणार, अरे. सगळी घरे भर, पूर्ण भार येऊ दे, आणि मग डाय खाली घे. रिकाम्या प्रेसवर केलेले सेटिंग चालत्या प्रेसला लागू होत नाही.”

दहा मिनिटांत माप जमले. दोन थाऊ म्हणजे काय, हे हाताला कळावे लागते.

पण प्रश्न तेवढ्यावर संपत नव्हता. लष्करी पुंगळीत टोपी हलू नये म्हणून तिच्या भोवतीची कड दाबलेली असते. जुनी टोपी काढल्यावर ती कड सरळ केली नाही, तर नवी टोपी तिरकी बसते किंवा चेपते, आणि टोपी हीच त्या काडतुसातली सर्वांत नाजूक स्फोटक वस्तू. वंगण कमी पडले की पुंगळी डायमध्ये अडकते आणि बुडाची कड फाटून येते. जास्त झाले की खांद्यावर खळगे पडतात. दाबाखाली पितळ लांबते, म्हणून कापून लांबी ५१ मिलिमीटरच्या आसपास राखावी लागते. शिवाय टोप्यांची दोन घराणी. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एक छिद्र असते, बर्डान पद्धतीत बाजूला दोन बारीक छिद्रे. न बघता बर्डान पुंगळी घातली की टोपी काढणारी पिन मोडते. बॉक्सर हा इंग्रज अधिकारी आणि बर्डान अमेरिकन. पण आज अमेरिकेत चालते ती बॉक्सरची पद्धत आणि युरोपात रुजली ती बर्डानची.

आणि हे सगळे फक्त पुंगळी तयार करण्यापुरते. दारू आणि गोळी अजून दूरच आहे.

मला मात्र त्या पितळाने धरून ठेवले. सत्तर टक्के तांबे, तीस टक्के जस्त. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम चालू असताना उभे राहून पाहा: ठोके पडत गेले की धातू ताठ होत जातो, मग कारागीर भांडे भट्टीत धरतो, लाल होऊ देतो, आणि ते पुन्हा मऊ होते. कारखान्यातही पितळाची वाटी ओढून ओढून पुंगळी घडवताना मध्ये मध्ये तापवतातच. लष्करी पुंगळीच्या मानेवर जी निळसर-तांबूस झाक दिसते ती त्या शेवटच्या आचेची खूण. ही आच राहून गेली, तर काय होते ते या देशातल्याच पावसाळ्यांनी जगाला दाखवले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळाभर घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जात. पावसाळा सरला की पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले दिसत. कोडे सुटायला १९२१ साल उजाडले: धातूत कोंडलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया यांची ती करणी. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तिला आजही सीझन क्रॅकिंग म्हणतात.

आता शिरूर-दौंडच्या गोठ्यांचा, पोल्ट्रीच्या शेडचा वास आठवा. आजोबांच्या पेटीतली जुनी काडतुसे ज्या खोलीत ठेवलेली असतात, तिची भिंत अनेकदा गोठ्याला लागून असते. त्या पितळावर डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब ३०-३५ पीएसआय असतो. रायफलच्या पुंगळीत क्षणभरासाठी तो साठ हजारांच्या घरात जातो. पुंगळी फाटली की तो दाब नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो.

आपल्याकडे हे काम होते ते कारखान्यात. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ची, जळगाव जिल्ह्यातली वरणगावची १९६४ची. १ ऑक्टोबर २०२१पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. जुन्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसली तर ती खडकीची. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात क्रमांकाचे गट आहेत, शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. पोलिसांच्या गोळीबार सरावात जेवढी काडतुसे दिली, तेवढ्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. एक हरवली तरी मैदान पालथे घातले जाते. ही शिस्त मला मनापासून पटते. अहिल्यानगरजवळच्या केके रेंज या लष्करी सरावाच्या मैदानाभोवती भंगार वेचताना स्फोटात माणसे गेली आहेत. त्या भंगाराच्या भावापायी कुणाच्या घरी काय झाले, ते तिथल्या गावांना विचारावे.

कायदाही या बाबतीत लख्ख आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे टेक्सासच्या गॅरेजमधला तो प्रेस परवान्याशिवाय न्हावऱ्यात आला, तर कायद्याच्या नजरेत तो स्वतःच दारूगोळा. विनापरवाना दारूगोळा बनवण्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. बंदुकीचा परवाना हा काडतूस भरण्याचा परवाना नव्हे, आणि हीच गोष्ट टपरीवरच्या त्या तरुणाला ठाऊक नव्हती.

नेमबाजीचे नाव सांगून यातून वाट काढणारेही भेटतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे, किंवा २०१०ची जगज्जेती तेजस्विनी सावंत, यांच्या ५० मीटरच्या रायफलीत पॉइंट टू टूची काडतुसे असतात. त्यांत टोपी वेगळी नसतेच, स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते. ती पुंगळी नेहमीच्या प्रेसवर पुन्हा भरता येत नाही. या प्रेसशी त्यांच्या पदकांचा संबंध नाही.

बिबट्याची भीती खरी आहे. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला ती कुणी शिकवायला नको. म्हणूनच मागणी करायची तर दिवसा थ्री-फेज विजेची करावी, वेळेवर लागणाऱ्या पिंजऱ्यांची करावी, वस्तीवरच्या दिव्यांची करावी. बंदूक शेवटी प्रशिक्षित हातातच शोभते, आणि पिंपरखेडलाही बेशुद्ध करण्याचा प्रयत्न फसल्यावरच ती वाजली.

तुमच्या माळ्यावर, पेटीत किंवा उसाच्या सरीत पुंगळी वा काडतूस सापडले, तर ते घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवू नका, भंगारवाल्याला देऊ नका, पोरांच्या हाती तर मुळीच देऊ नका. त्याला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा, आणि त्याची नोंद झाली की नाही तेही विचारून घ्या.