इजिप्तनं अख्खं इंटरनेट बंद केलं, तरी आंदोलन का थांबलं नाही?

२०११ मध्ये अरब देशांत सत्तापालट झाले, तेव्हा त्याला सर्रास ‘फेसबुक क्रांती’ म्हटलं गेलं. पण इजिप्तमध्ये इंटरनेटच बंद पडलं, त्या दिवशी लोक घरी का बसले नाहीत?

सुरुवात झाली ट्युनिशियात. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बुझिद शहरात मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवाल्याचा माल जप्त झाला. दाद लागेना म्हणून त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. निदर्शनं सुरू झाली. लोकांनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ फेसबुकवर टाकले, कतारच्या अल जझीरा वाहिनीनं ते दाखवले. त्यामुळे इंटरनेट नसलेल्या घरांतही बातमी पोचली. १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले.

इजिप्तमध्येही राग साचलेला होताच. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात पोलिसांच्या मारहाणीत खालेद सईद हा तरुण गेला. त्याच्या नावानं सुरू झालेल्या फेसबुक पेजवरून २५ जानेवारीच्या मोर्चाची हाक दिली गेली.

घाबरलेल्या सरकारनं २८ जानेवारीला इंटरनेट आणि मोबाईल सेवा बंद केली. पण तो शुक्रवार होता. दुपारच्या नमाजानंतर लोक मशिदींमधून एकत्रच बाहेर पडले. फोन लागेना, मग काय चाललंय ते कळायला रस्त्यावर जाणं भाग होतं. सरकारी टीव्ही ‘सगळं शांत आहे’ असं चित्र रंगवत होता, तर परदेशी वाहिन्या तहरीर चौकातली गर्दी दाखवत होत्या. २ फेब्रुवारीला इंटरनेट परत आलं, ११ ला होस्नी मुबारक पायउतार झाले.

म्हणजे फेसबुकनं निरोप पोचवला, टीव्हीनं तो घराघरांत नेला. पण राग आधीपासून होता आणि जीव धोक्यात घातला तो माणसांनी.

धडा मात्र सत्तेनंही घेतला. २०१३ मध्ये लष्करानं सत्ता हाती घेतली आणि त्याच वर्षी अल जझीराच्या तीन पत्रकारांना अटक झाली. २०१८ मध्ये इजिप्तनं कायदाच केला : ५,००० हून जास्त फॉलोअर्स असलेलं खातं म्हणजे प्रसारमाध्यम. ‘खोटी बातमी’ टाकली असा ठपका बसला, की खातं बंद करता येतं. बातमी खरी की खोटी, हे ठरवणार सरकारनं नेमलेली परिषद.

२०११ मध्ये सरकारनं सगळ्यांचं इंटरनेट एकदम तोडलं, म्हणून सगळे एकदम चिडले. आता एकेक खातं गुपचूप बंद होतं. त्यासाठी चौकात गर्दी जमत नाही.