गेमिंग कॅफेसाठी ग्राफिक्स कार्ड : यवतमाळच्या हिशेबाने किती रुपयांचं घ्यायचं?



गेल्या व्हिडिओत आठ मशीनच्या गेमिंग कॅफेचा खर्च फळ्यावर मांडला, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ ग्राफिक्स कार्डाच्या आकड्यावर गेला. भाडं, टेबल-खुर्च्या, इंटरनेट यात फार तर दहा-वीस हजार इकडेतिकडे होतात. पण कार्डामध्ये एका मशीनमागे १५ हजारांचा फरक पडला, की आठ मशीनचे झाले १ लाख २० हजार. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा गावात कॅफे काढणारा पोरगा बहुतेक वेळा घरच्या पैशावर काढतो. कापूस-सोयाबीन विकून आलेला पैसा, नाहीतर मुद्रा कर्ज. त्यात १ लाख २० हजार म्हणजे गंमत नाही. म्हणून आज फक्त कार्डाबद्दल, जरा सविस्तर.

"सर, बेस्ट कार्ड कोणतं?" हा प्रश्न मला नेहमी येतो. कृषी केंद्रात जाऊन "बेस्ट बियाणं द्या" असं तुमचे वडील म्हणतात का? जमीन भारी की हलकी, ओलिताची की कोरडवाहू, हे आधी पाहतात आणि मग पिशवी उचलतात. इथेही तसंच. तुमच्याकडे येणारी पोट्टी कोणता गेम खेळणार आणि कोणत्या स्क्रीनवर खेळणार, ही झाली जमीन. मशीनचा पॉवर सप्लाय, खोलीतली गरमी आणि लाइट हे झालं पाणी. हे दोन ठरले की कार्डाची यादी आपोआप चार-पाच नावांवर येते.

पोट्टे काय खेळतात ते बघा

तासाच्या रेटवर चालणाऱ्या कॅफेत चार-पाच मित्र मिळून येतात आणि एकमेकांसोबत किंवा एकमेकांविरुद्ध खेळतात. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, फुटबॉलचे गेम. हे गेम कार्डाला किती मागतात? व्हॅलोरंटसाठी, सेकंदाला १४४ च्या वर फ्रेम हव्या असतील तर, रायट कंपनीने स्वतः जीटीएक्स १०५० टीआय एवढंच कार्ड सुचवलंय. हे कार्ड २०१६ चं आहे! जीटीए ५ पीसीवर आला २०१५ मध्ये. काउंटर-स्ट्राइक २ त्या मानाने जड आहे, पण मधल्या दर्जाचं कार्ड त्याला सहज पुरतं. या गेममध्ये फ्रेम अडकतात त्या पुष्कळदा कार्डामुळे नाही, तर जुना प्रोसेसर आणि एकच रॅमची पट्टी यामुळे.

खरे जड गेम म्हणजे सायबरपंक २०७७, रेड डेड रिडेम्प्शन २ असे गोष्टीचे गेम. यूट्यूबवर कार्डांची तुलना बहुधा याच गेमवर दाखवतात, कारण फरक त्यातच दिसतो. पण धंद्याच्या नजरेने बघा. रेड डेडची मुख्य गोष्ट पूर्ण करायला साधारण ५० तास लागतात. तासाला ४० रुपये धरले तर २,००० रुपये. आपल्याकडचा कॉलेजचा पोरगा एक गोष्ट संपवायला कॅफेत २,००० घालेल का? एखादा घालेल. त्या एखाद्यासाठी आठही मशीनमध्ये महाग कार्ड टाकायचं नाही.

आणि हो, "जीटीए ६ येतोय, म्हणून आत्ताच मोठं कार्ड घेऊन ठेवतो" हे बऱ्याच जणांकडून ऐकतोय. तो गेम जाहीर झालाय प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीची तारीख कंपनीने दिलेली नाही. न आलेल्या गेमसाठी आज व्याज भरू नका.

आधी मॉनिटर, मग कार्ड

कार्डाचं काम म्हणजे स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका सेकंदाला शंभरेक वेळा रंगवणं. फुल एचडी म्हणजे १०८०पी स्क्रीनवर हे ठिपके २०.७ लाख. १४४०पी वर ३६.९ लाख. फोर-के वर जवळपास ८३ लाख, म्हणजे फुल एचडीच्या चौपट काम. कॅफेला २४ इंची, १०८०पी, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर पुरतो. एवढं पक्कं केलं की महागड्या कार्डांची अर्धी यादी तिथेच गळते.

व्हीरॅम म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. किराणा दुकानाचा काउंटर समजा. माल काउंटरवर मावला तर गिऱ्हाइकाला पटकन मिळतो. मावला नाही, तर पोऱ्या गोडाउनला पळतो आणि गिऱ्हाईक ताटकळतं. गेम मध्येच झटका घेतो तो बरेचदा यामुळे. १०८०पी साठी आज ८ जीबी घ्या. ४ जीबीचं कार्ड व्हॅलोरंट चालवेल, पण दोन वर्षांनी ते विकायला काढाल तेव्हा कोणी हात लावणार नाही.

हिशेब कुठे चुकतो

समजा एक कार्ड १८ हजाराचं आहे आणि दुसरं ३० हजाराचं. फरक १२ हजार. बहुतेक जण म्हणतात, "सीटला दिवसाला पाच तास मिळाले तर २०० रुपये, साठ दिवसांत फरक वसूल!" नाही हो. ते पाच तास १८ हजारांच्या कार्डावरही मिळणारच होते. महाग कार्डाच्या खात्यात फक्त तेच पैसे लिहायचे, जे त्या कार्डाशिवाय आलेच नसते. एक तर त्या सीटचा रेट जास्त पाहिजे, नाहीतर त्या सीटसाठी वेगळं गिऱ्हाईक यायला पाहिजे.

म्हणून माझं मत असं, की आठपैकी सहा मशीन साध्या ठेवा आणि दोन मशीन चांगल्या कार्डाच्या ठेवा, रेट वेगळा लावून. साध्या सीटला ४०, चांगल्या सीटला ६०. चांगल्या सीटवर दिवसाला तीनच तास जादा रेटने गेले तरी रोजचे ६० रुपये जास्त. १२ हजारांचा फरक २०० दिवसांत भरून निघतो. सहा महिने बघा. त्या दोन सीटसाठी पोट्टे रांग लावत असतील तर तिसरी वाढवा. रांग नसेल, तर तुमचे ७२ हजार वाचले असं समजा.

दोनपेक्षा जास्त प्रकारची कार्डं मात्र ठेवू नका. एकसारखी मशीन असली की ड्रायव्हर, सेटिंग, दुरुस्ती सगळं सोपं जातं आणि एकाचा पार्ट दुसऱ्यात टाकून दोष शोधता येतो.

साध्या सीटसाठी आरटीएक्स ३०५० चं ८ जीबी मॉडेल, आरटीएक्स ५०५० किंवा एएमडीचं आरएक्स ६६००, यातलं जे त्या आठवड्यात स्वस्त मिळेल ते. चांगल्या सीटसाठी आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०, नाहीतर आरएक्स ७६००. इंटेलचं आर्क बी५८० ही १२ जीबी मेमरीचं आहे, पण ते जुन्या मशीनमध्ये टाकू नका. त्या कार्डाला रिसायझेबल बार नावाची सोय असलेला मदरबोर्ड लागतो, नाहीतर त्याचा दम निघतो. दर मी मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या शेवटी मेमरीच्या किमती जशा चढल्या, ते बघता आज लिहिलेला दर पुढच्या महिन्यात खरा राहीलच असं नाही.

नाव सारखं, माल वेगळा

बाजार समितीत कापसाच्या गाडीचा वरचा थर बघून कोणी भाव लावत नाही, आत हात घालून बघतात. कार्डाच्या डब्यावरचं मोठं नाव म्हणजे वरचा थर. आरटीएक्स ३०५० हे नाव ८ जीबीच्या कार्डालाही आहे आणि २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डालाही. दुसऱ्यात फक्त मेमरी कमी नाही, आतले कोअरही २,५६० ऐवजी २,३०४ आहेत. दुकानदार "३०५० आहे भाऊ" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. तुम्ही विचारलं नाही एवढंच. आरटीएक्स ५०६० टीआयचंही असंच, ८ जीबी आणि १६ जीबी अशी दोन मॉडेल. जुन्या बाजारात आरएक्स ५८० म्हणून जे मिळतं, त्यात २०४८ एसपी नावाचं कमी ताकदीचं कार्डही फिरतं.

पण त्या ६ जीबीच्या ३०५० चा एक गुण आहे. ते ७० वॅटमध्ये चालतं, म्हणून पॉवर सप्लायची वेगळी वायर लागत नाही. ज्यांनी ऑफिसातली जुनी रिफर्बिश्ड मशीन घेतलीत, त्यांना हे उपयोगी आहे, कारण त्या डब्यांत पॉवर सप्लाय लहान असतो आणि कार्डाची वायरच नसते. डबा बारका असेल तर कार्डही कमी उंचीचं लागतं, जागा मोजूनच जा. आणि अशी मशीन घेण्याआधी एक खात्री करा: विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मशीनमध्ये हे नसेल, तर कितीही भारी कार्ड टाका, गेम उघडणारच नाही.

दुकानात "दुप्पट एफपीएस" असं सांगतात, तेव्हा त्यात फ्रेम जनरेशन धरलंय का ते विचारा. कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली फ्रेम घालतं. गोष्टीच्या गेममध्ये छान दिसतं. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये माउस दाबल्यावर गोळी लवकर सुटत नाही, त्यामुळे तिथे फायदा शून्य.

मे महिना लक्षात ठेवून घ्या

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून कार्ड निवडू नका म्हणतो ते याच्यासाठी. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. २५ अंशाच्या खोलीत ६५ वर राहणारं कार्ड ३८ अंशाच्या खोलीत ७८ च्या आसपास जातं. ८० च्या वर गेलं की बरीच कार्डं स्वतःच वेग कमी करतात, म्हणजे तुम्ही पैसे दिलेली ताकद नेमकी सुट्टीच्या सीझनमध्ये मिळत नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात आणि पोट्ट्यांना सुट्ट्याही तेव्हाच.

म्हणून वॅटचा आकडा बघा. आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट, आरएक्स ६६०० चे १३२, आरटीएक्स ३०६० चे १७०. ४०६० आणि ३०६० मध्ये ५५ वॅटचा फरक. आठ मशीन रोज आठ तास पूर्ण ताकदीने चालल्या, तर महिन्याला साधारण १०५ युनिट जास्त. कमर्शियल रेट १२ रुपये धरला तर महिन्याला साडेबाराशेच्या वर. शिवाय ती सगळी वीज शेवटी गरमी होऊन खोलीतच राहते. एक मशीन २५० वॅट धरा, आठ मशीन म्हणजे २ किलोवॅट, म्हणजे खोलीत दोन हिटर लावल्यासारखं. वरून आठ माणसं. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट गरमी ओढतो, आणि छत पत्र्याचं असेल तर तोही थकतो.

कुलरवर भागवणार असाल तर झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा, आणि पावसाळा लागला की कुलरचं पाणी बंद करा. एका पंख्याचं कार्ड टाळा, दोन पंख्यांचं घ्या. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. पॉवर सप्लाय लोकल घेऊ नका. लाइट वरखाली होते त्या गावात हजार-दीड हजार वाचवायला जाऊन तीस हजाराचं कार्ड जाळून घेणं परवडत नाही.

जुनं कार्ड, बिल आणि वॉरंटी

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. आपल्या भाषेत फरतड म्हणा. सगळंच वाईट नसतं, पण भाव फरतडीचाच द्यायचा. विकणाऱ्यासमोर अर्धा तास फरमार्क चालवा, पंख्याचा आवाज ऐका, जीपीयू-झेडमध्ये कोअर आणि मेमरीचा आकडा जुळवा, स्क्रू उघडल्याच्या खुणा बघा. घरच्या एका पीसीसाठी असं कार्ड चालेल. कॅफेसाठी आठच्या आठ जुनी घेऊ नका.

नवीन कार्डाला बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. ती बिलावरून धरतात की सिरियल नंबरवरून, आणि सर्व्हिस सेंटर नागपूरला आहे की कुरिअरने मुंबईला पाठवायचं, हे पैसे देण्याआधी विचारा. कार्ड तीन आठवडे अडकलं तर २०० रुपये रोजाने ४,२०० रुपये गेले. हा खर्च कोणी धरत नाही. बिलावर जीएसटी आणि सिरियल नंबर दोन्ही घ्या. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर १८ टक्के परत मिळत नाहीत, ३० हजारांच्या कार्डात ४,५७६ रुपये कराचेच असतात. दुकानांची तुलना करताना दोन्हीकडचा भाव करासकट विचारा.

खरेदी शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, म्हणजे बोर्डाच्या परीक्षा सुटेपर्यंत मशीन चालवून, तपासून ठेवता येतात. आणि बसवून झाल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या मागे नाही तर कार्डाच्या मागे लावलीय ना, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० ऐवजी १४४ हर्ट्झ निवडलंय ना, हे प्रत्येक मशीनवर स्वतः बघा.

पुढच्या व्हिडिओत याच आठ मशीनसाठी इन्व्हर्टर की यूपीएस, ते बघू. तुमच्या गावातला कमर्शियल लाइट बिलाचा फोटो जवळ ठेवा, त्यातलेच आकडे वापरणार आहे.