मॅट : दोन चित्रे एकजीव कशी होतात?

मॅट म्हणजे : कोणता थर कुठे दिसावा हे ठरवणारे कृष्णधवल चित्र. पांढऱ्या जागी पुढचा थर, काळ्या जागी मागचा, राखाडी जागी दोन्ही.

उदाहरण : दशावतारातला राजा हिरव्या पडद्यापुढे चित्रित करून बांद्याच्या तेरेखोल नदीकाठी उभा करायचा आहे. पडद्याचा हिरवा रंग वगळून मॅट निघते. मुकुटाच्या कडेला ती ५० टक्के राखाडी असेल, तर तिथे निम्मा मुकुट, निम्मी नदी. राजाचा शेला हिरवा असेल तर तोही पडद्याबरोबर जातो. तेव्हा निळा पडदा घ्यावा.

गणित : (पुढचा रंग × मॅट) + (मागचा रंग × (१ − मॅट)). मॅटची किंमत ० ते १. मिश्रणाचे हे नियम थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडले.

काळी कड : पुढचे चित्र मॅटने दोनदा गुणले गेले की कडेला काळपट रेघ उमटते. फाइल आधीच ‘प्रीमल्टिप्लाय’ केलेली (म्हणजे मॅटने गुणलेली) आहे का, हे आधी तपासा.

संगणकापूर्वी : फिल्मचा काही भाग झाकून चित्रण करायचे, मग तीच फिल्म मागे फिरवून उरलेला भाग भरायचा. दादासाहेब फाळक्यांच्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये (१९१८) कंसाचे शिर धडावेगळे होते, ट्रिक फोटोग्राफीचा तो आपल्याकडचा अभिमानास्पद आरंभकाळ.