पंख्याची किल्ली आपल्या खिशात

गुरुवार हा पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीचा सुटीचा वार. भोसरी, चिंचवड, तळवडे भागातील बहुतेक शेड त्या दिवशी शांत असतात. पण मेंटेनन्सच्या माणसाला नेमके गुरुवारीच बोलावणे येते. आठवडाभर थांबवता न येणारी यंत्रे त्या दिवशी उघडतात आणि ओव्हरटाइमच्या आशेने आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले डबा घेऊन निघतात. त्यांच्या वाट्याला हमखास येणारे काम म्हणजे ब्लोअरची पाती साफ करणे, पट्टे ताणणे आणि बेअरिंगला ग्रीस मारणे. याला हेल्परचे काम म्हणतात. फिटर कशाला पाहिजे, हे तर कोणीही करील, असा सर्रास समज आहे. त्या समजाविषयी आज लिहिणार आहोत.

येथे पंखा म्हणजे घरातला छताचा पंखा नव्हे. फाउंड्रीतला धूर ओढणारा, शॉट ब्लास्टिंगची धूळ पिशव्यांच्या फिल्टरमधून खेचणारा, पेंट शॉपमधला वास बाहेर टाकणारा, बॉयलरला हवा पुरवणारा पंखा. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत असे पंखे डझनांनी असतात आणि भोसरीच्या लहान शेडमध्येही एखादा असतोच. तो बंद पडला तर धूर कामगाराच्या छातीत जातो, म्हणून त्याची निगा हे आपल्याच आरोग्याचे काम आहे. मात्र ते करताना हात जाता कामा नये.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गल्लीतील एक बावीस वर्षांचा मुलगा ठेकेदाराकडे हेल्पर होता. आय.टी.आय. एका वर्षात सोडलेली, घरी आई आणि लहान बहीण. धूळ ओढणाऱ्या पंख्याच्या बेअरिंगमधून आवाज येत होता. ग्रीस मारण्याचे निपल पट्ट्याच्या जाळीच्या आत होते. जाळीचे दोन बोल्ट आधीच गायब, म्हणून ती काढून बाजूला ठेवलेली. मुलाने विचारले, "साहेब, बंद करू का?" सुपरवायझर म्हणाले, "अरे, बंद कशाला करतोस? लाइन थांबेल. फिरताना मारलेले ग्रीस चांगले पसरते." मुलाने ग्रीस मारले आणि सांडलेले ग्रीस पुसायला कॉटन वेस्टचा बोळा पुढे केला. पट्ट्याने आधी बोळा धरला, मग हात. उजव्या हाताची दोन बोटे गेली. बाराव्या तासाची गोष्ट आहे, तेवढेही सांगून ठेवतो.

आठ दिवसांनी त्याची आई कागद घेऊन आमच्याकडे आली. "भाऊ, यात काय लिहिलंय ते वाचून सांगा." अपघाताच्या अहवालात लिहिले होते, 'कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' ते वाचून दाखवताना आमचीच जीभ अडखळली. कारण असे कागद आम्हीही भरत आलो आहोत.

आम्ही व्यवसायाने कारकून, बी.कॉम. झालेले. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २२ होते. चालू यंत्राच्या फिरत्या भागाची तपासणी करणे किंवा त्याला तेल-ग्रीस देणे अगदी आवश्यकच असेल, तर ते काम खास प्रशिक्षण दिलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे. त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, ते कपडे मालकाने पुरवावेत, आणि त्याचे नाव त्यासाठी ठेवलेल्या नोंदवहीत असावे, असे ते कलम सांगत होते. जाळ्या व कुंपणाविषयीचे कलम २१ त्याच्या शेजारीच होते. ती नोंदवही आमच्या टेबलावर असे. दरवर्षी आम्ही मागच्या वर्षीची नावे नव्या पानावर उतरवीत होतो. त्यातील दोघे निवृत्त झाले होते आणि एकाने नोकरी सोडून गावाकडे शेती धरली होती, तरी त्यांची नावे आमच्या सुवाच्य अक्षरात चालू होती. प्रत्यक्षात ग्रीस कोण मारतो, हे खाली शॉपमध्ये जाऊन आम्ही कधी पाहिले नाही. त्या मुलाचा कारखाना वेगळा होता, पण तेथल्या नोंदवहीतही त्याचे नाव नसणार, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती.

त्यानंतर आम्ही फिटर मंडळींकडे बसून, बेअरिंगची पुस्तके चाळून हा विषय समजून घेतला. प्रथम एक कबूल केले पाहिजे. तो सुपरवायझर पूर्ण चुकीचे बोलत नव्हता. बेअरिंग फिरत असताना ग्रीस आत सर्वत्र पसरते हे खरेच आहे, आणि पुष्कळ यंत्रांच्या पुस्तकांतही तसे करण्यास सांगितलेले असते. चूक होती ती निपलच्या जागेत. निपल जाळीच्या आत असेल तर हातही आत जाणार. त्यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. बेअरिंगपासून तांब्याची बारीक नळी काढून निपल जाळीच्या बाहेर आणून बसवायचे. मग पंखा चालू असो वा बंद, ग्रीस मारणारा माणूस जाळीच्या बाहेरच उभा राहतो. नळी प्रथम बसवताना ती ग्रीसने भरून घ्यावी, नाहीतर पहिले कित्येक दाब नळीतच राहतात आणि बेअरिंग कोरडे राहते. ज्या कारखान्यात अशी नळी नाही, तेथे पंखा बंद केल्याशिवाय जाळीला हात लावायचा नाही. यात मधला मार्ग नाही.

आता किती ग्रीस मारायचे? आमच्या मुलांना वाटते, जास्त मारले म्हणजे जास्त चांगले. घरात शिवणयंत्राला दोन थेंबांऐवजी चार थेंब तेल घातले तर फार तर कापडाला डाग पडतो. बेअरिंगचे तसे नाही. त्यात गच्च ग्रीस भरले की गोळ्या ते घुसळत राहतात, त्यातून उष्णता निर्माण होते, ग्रीस पातळ होऊन गळते आणि शेवटी बेअरिंग ग्रीसच्या अतिरेकानेच जळते. म्हणून बेअरिंगच्या घरातील मोकळ्या जागेचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भागच ग्रीसने भरलेला असावा, असा संकेत आहे.

पुन्हा भरताना एक हिशोब वापरतात आणि तो आमच्यासारख्या आकडेमोडीच्या माणसाला फार आवडला. बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, रुंदीने गुणायचे आणि ०.००५ ने गुणायचे. उत्तर ग्रॅममध्ये येते. पंख्यांना २२२१६ क्रमांकाचे बेअरिंग पुष्कळदा असते. त्याचा बाहेरचा व्यास १४० आणि रुंदी ३३ मिलिमीटर. १४० गुणिले ३३ म्हणजे ४६२०, त्याला ०.००५ ने गुणले की सुमारे २३ ग्रॅम. (याच क्रमांकाचे शेवटचे दोन अंक, म्हणजे १६, पाचाने गुणले की ८० येतात, तो शाफ्टचा व्यास. आपल्या चिंचवडमध्ये एस.के.एफ.चा बेअरिंगचा कारखाना आहे, तरी ही साधी खूण त्याच्या फाटकावरून रोज जाणाऱ्या कित्येकांना माहीत नाही.) आता ग्रीसगनच्या एका दाबात किती ग्रीस पडते? प्रत्येक गनचे निराळे. कागदावर दहा दाब मारून त्याचे वजन करावे आणि दहाने भागावे. एका दाबाला एक ग्रॅम पडत असेल तर तेवीस दाब झाले, गन खाली ठेवावी. खालचा निकासाचा बूच असेल तर तो उघडून ठेवावा, म्हणजे जुने ग्रीस बाहेर येते. नवे ग्रीस मारल्यावर काही तास बेअरिंग थोडे गरम लागते, त्याला घाबरू नये. मात्र ताप उतरलाच नाही तर वरच्यांना कळवावे.

दोन प्रकारचे ग्रीस एकत्र करू नये. पिवळे आणि निळे दिसायला सारखेच चिकट असतात, पण काहींचे एकमेकांशी जमत नाही आणि दोन्ही पाण्यासारखी वाहून जातात. डबा बदलला तर विचारावे. आणखी एक, ७० अंश सेल्सिअसच्या वर बेअरिंग जितके तापते तितके ग्रीस लवकर मरते. दर १५ अंशांना ग्रीस मारण्याची मुदत निम्म्यावर आणावी लागते. भट्टीजवळचा पंखा आणि गोदामातला पंखा यांना एकच वेळापत्रक लावणारा माणूस कागद भरतो आहे, पंखा सांभाळत नाही. हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

आता पंखा बंद करण्याविषयी. स्टॉपचे बटण दाबले म्हणजे पंखा बंद झाला, असे मानून आजवर अनेकांनी हात गमावले आहेत. बटण दाबून तुम्ही शिडीवर चढता, आणि पॅनेलपाशी आलेला दुसरा माणूस पंखा बंद का म्हणून तो चालू करतो. त्याचा काही वाईट हेतू नसतो. म्हणून मेन स्विच खाली ओढावा, त्याला आपले स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवावी. सुपरवायझरच्या नव्हे, मित्राच्या नव्हे, आपल्या. दोघे काम करीत असतील तर दोन कुलुपे. शेजारी पाटी, 'काम चालू आहे, स्विच टाकू नये'. मग खाली येऊन चालू करण्याचे बटण एकदा दाबून पाहावे. पंखा हलला नाही तरच पुढे जावे. गुरुवारी लाइट नाही म्हणून हे करायचे सोडू नये. लाइट कधी येईल आणि जनरेटर कोण चालू करील, याचा नेम नसतो.

वीज तोडली तरी पंखा फिरू शकतो, हे आम्हाला स्वतःला नवीन होते. मोठा इंपेलर जड असतो, बंद केल्यावर कित्येक मिनिटे गरगरत राहतो. धुरांड्यातून येणाऱ्या वाऱ्यानेही बंद पंखा हळूहळू फिरतो. दोन पंखे एकाच नळकांड्याला जोडलेले असले तर चालू पंख्याच्या दाबाने बंद पंखा उलटा फिरतो. म्हणून पाती साफ करण्यापूर्वी इंपेलर लाकडी पाचर मारून किंवा साखळीने अडकवून ठेवावा. काम झाल्यावर पाचर काढायला विसरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

पंख्याचा वेग वाढवण्यासाठी पुली बदलण्याची सूचना कधीकधी वरून येते. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर मोटरवरचा भार सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो आणि पात्यांवरचा ताण २१ टक्क्यांनी. पुस्तकात पाहिल्याशिवाय असे करू नये.

छतावरच्या पंख्यांना ग्रीस मारायला सिमेंटच्या पत्र्यावरून चालत जाणारे आमच्या ओळखीचे बरेच आहेत. पत्रा माणसाला पेलत नाही. पडणारा खाली यंत्रावर पडतो. फळी टाकूनच आणि पट्टा बांधूनच जावे, नाहीतर नकार द्यावा. नकार देणे सोपे नाही हे आम्हाला कळते, कारण ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवर उभे करीत नाही.

घरातील माणसांनाही यात काम आहे. सकाळी डबा देताना त्याच्याकडे पाहावे. गळ्यात गमछा, मनगटावर दोरा, हातात अंगठी किंवा घड्याळ, बाह्या सैल, हे सगळे फिरत्या पट्ट्याला लागणारे गळ आहेत. दोरा बांधण्याचे कारण काहीही असो, तो घरी ठेवावा. असेंब्लीत काम करणाऱ्या बहिणींची ओढणी आणि मोकळी वेणीही त्यातच आली.

आणि तास. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. त्या मुलाचा बाराव्या तासाला गेलेला हात आठवला की आम्हाला ही दुरुस्ती पंख्याच्या जाळीइतकीच सुरक्षेची वाटते.

कायदा आता बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीची संहिता, २०२० लागू झाली. तीत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या २० कामगारांपासून सुरू होते. लहान शेडमधील बांधवांनी हे लक्षात ठेवावे. पण दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावे लागते. आणि जीवावर बेतेल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटली तर कामगाराने ती मालकाला, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क मिळाला आहे. जाळी नसेल तर दोन ओळींचा अर्ज करावा, त्यावर पोच घ्यावी आणि तारीख घालावी. अर्ज लिहून हवा असेल तर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसतो.

त्या मुलाच्या बाबतीत आम्ही असाच अर्ज दिला. जाळीचे बोल्ट नव्हते, ग्रीस चालू पंख्याला मारण्यास तोंडी सांगितले होते, हे त्यात लिहिले. सोबत काम करणाऱ्या दोघांनी सह्या केल्या, एकाने घाबरून केली नाही. त्याला आम्ही दोष देत नाही. ई.एस.आय.मध्ये नाव होते, म्हणून उपचार झाले. वैद्यकीय मंडळाने अपंगत्वाची टक्केवारी ठरवली आणि त्याप्रमाणे दरमहा रक्कम सुरू झाली. नाव नसते तर काय झाले असते, याचा विचारही नको. ठेकेदार पगारातून कापतो म्हणतो, पण प्रत्यक्षात भरतो का, हे विमा क्रमांक घेऊन तपासून पाहावे.

मुलगा आता दुसऱ्या एका कारखान्यात स्टोअरच्या खिडकीवर बसतो. ग्रीसगन मागायला कोणी आले की आधी कुलूप देतो आणि मग गन देतो. परवा तो आमच्याकडे आला होता, डाव्या हाताने लिहिलेली वही घेऊन. तीत कोणत्या पंख्याचे बेअरिंग किती क्रमांकाचे आणि त्याला किती दाब, हे ओळीने मांडलेले होते. "काका, गुणाकार बघा जरा," म्हणाला. सतरा पंखे होते. दोन ठिकाणी दशांश चिन्ह सरकले होते, ते आम्ही दुरुस्त करून दिले.