फोर्ट ड्रम : मनिलाच्या आखातातला काँक्रीटचा जलदुर्ग

३० एप्रिल १८९८च्या मध्यरात्री अमेरिकी आरमाराचा कमोडोर ड्यूई आपली जहाजं घेऊन मनिलाच्या आखातात शिरला. तोंडाशीच एल फ्रायले नावाचा खडक होता. तिथल्या स्पॅनिश तोफांनी थोडे गोळे टाकले, पण जहाजं निघून गेली आणि उजाडल्यावर स्पॅनिश आरमाराचा फडशा पडला. पुढे फिलिपिन्स अमेरिकेकडे आलं, तेव्हा त्या वाटेने आता दुसरं कुणी येऊ नये ही चिंता अमेरिकेचीच झाली.

लेफ्टनंट जॉन किंगमन या लष्करी अभियंत्याने तोडगा सुचवला : खडक माथ्यापासून कापून काढायचा आणि त्यावर काँक्रीटची युद्धनौका बांधायची. १९०९ साली काम सुरू झालं, ते चांगली पाच वर्षं चाललं. सिंधुदुर्गाचा तट कुरटे बेटाच्या वळणावळणाने जातो. इथे बेटाचा आकारच पुसून टाकला. लांबी ३५० फूट, रुंदी १४४ फूट, वरचा स्लॅब २० फूट जाड. भिंती तर २५ फुटांहूनही जाड. वर फिरत्या पोलादी बुरुजांत १४ इंची तोफांच्या दोन जोड्या बसवल्या.

या नौकेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, समुद्राकडे होती, कारण शत्रू समुद्रातूनच येणार असं गृहीत धरलं होतं. पिछाडीला मोठ्या तोफांचा मारा पोचत नव्हता. जानेवारी १९४२मध्ये तिथे घाईघाईने एक छोटी, ३ इंची तोफ उभी केली, आणि लगेच त्याच बाजूने आलेल्या एका जपानी बोटीवर ती चालवावी लागली. जपान्यांचा खरा मारा मात्र जमिनीवरून, काविते किनाऱ्यावरून झाला. फेब्रुवारीपासून गोळे येत राहिले, काँक्रीटचे कित्येक फुटांचे थर उडाले. तरी आतला एकही सैनिक मेला नाही. जखमी झाले ते पाच. ६ मे १९४२ला आखातातलं मुख्य अमेरिकी ठाणं कोरेगिदोर शरण गेलं आणि त्याबरोबर ड्रमलाही हत्यार खाली ठेवावं लागलं. त्या दिवसापर्यंत मोठ्या तोफा चालू होत्या. या किल्ल्याला हरलेला म्हणायला माझं मन घेत नाही.

१९४५मध्ये अमेरिकी फौज परतली तेव्हा आत जपानी शिबंदी होती, आणि आपणच बांधलेल्या भिंती फोडत बसण्यात अर्थ नाही हे अमेरिकनांना ठाऊक होतं. १३ एप्रिलला एक जहाज किल्ल्याला खेटवून उभं केलं, त्यावरून फळी टाकली. सैनिक स्लॅबवर चढले आणि प्रत्येक झरोक्यावर, झाकणावर बंदूक रोखून बसले, म्हणजे आतून कुणाला डोकं वर काढता येऊ नये. मग खालच्या बोटीतून नळीने हवेच्या झरोक्यांत सुमारे ३,००० गॅलन तेल सोडलं, सुरुंग लावला, वात पेटवली आणि सगळे उतरून दूर गेले. जड लोखंडी झाकणं आभाळात उडाली. आतले साठाहून अधिक जपानी सैनिक मेले. आग काही दिवस धुमसत होती. तोवर कुणाला आत पाऊल टाकता आलं नाही. युद्धाचा हिशेब कितीही मांडला, तरी त्या खोल्यांमधलं मरण मला विसरता येत नाही.

त्यानंतर किल्ला पुन्हा वापरात आला नाही. भंगार गोळा करणाऱ्यांनी नेण्यासारखं बरंचसं लोखंड कापून नेलं. १४ इंची तोफा मात्र आपल्या बुरुजांत अजून आहेत.